एकट्या फ्लोरिनची ओढ

"फ्लोरिनची विद्युतऋणता किती?"

"तीन पूर्णांक अठ्ठ्याण्णव." प्रश्न संपायच्या आत चैत्रालीचं उत्तर आलं.

"सिझियमची?"

"शून्य पूर्णांक एकोणऐंशी. सर, मला अख्खा तक्ता पाठ आहे."

वसगडेकर सरांनी मान डोलावली. कॉलेजातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. तरी कराडात रसायनशास्त्राच्या मुलांचं काही अडलं, की पावलं त्यांच्याच अंगणाकडे वळत. चैत्रालीचं मात्र काही अडलं नव्हतं. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात ती पहिली आली होती, आणि आज एक विनंती घेऊन आली होती.

"प्रकल्प मला एकटीनं करायचाय. नसीम तांबोळीबरोबर जोडी लावलीय माझी. तुम्ही विभागप्रमुखांकडे शब्द टाका."

"नसीमचं काय चुकलं?"

"प्रत्येक पायरीला 'का' विचारते. दोन तासांचं काम चार तास चालतं."



"बरं. एकच सांग. फ्लोरिनचा एक अणू आहे. शेजारी कुणी नाही. बंध नाही. आता त्याची विद्युतऋणता किती?"

"तीन पूर्णांक..."

ती थांबली.

व्याख्या तिनं कितीदा तरी लिहिली होती. बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेण्याची अणूची क्षमता. 'बंधातले' हा शब्द मात्र जणू आज पहिल्यांदाच कानावर पडला.

"बंधच नसेल तर... तो ओढणार काय?"



चैत्रालीचा चेहरा उतरला. "सर, हेच नसीमनं विचारलं होतं. मागच्या मंगळवारी."

"मग तू काय सांगितलंस?"

"तक्त्यात बघ, म्हणाले."

"आणि ती?"

"तिनं तक्ता उघडला. मग मिटला." चैत्राली खाली बघत म्हणाली, "तेव्हापासून ती मला काही विचारत नाही."

तेवढ्यात आतल्या खोलीतून ताटलीवर चमचा वाजल्याचा आवाज आला. सर उठले. आत त्यांच्या पत्नी, माई, अंथरुणाला खिळून होत्या. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, त्यात वाचा पार गेली. डावा हात तेवढा चालत होता; हवं-नको ते त्या हातानंच सांगत.

सर बराच वेळ आत होते. बाहेर आले ते माईंच्या अंथरुणातली ओली सोलापुरी चादर खांद्यावर घेऊन. अंगणातल्या नळाखाली त्यांनी ती धुतली. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती, तरी हात सावकाश चालत राहिला.

"ये. हे टोक धर."

चैत्रालीनं टोक धरलं आणि कॉलेजच्या व्हॉलीबॉलमध्ये कमावलेल्या मनगटांनी जोरात पीळ दिला. सरांच्या बोटांतून दुसरं टोक सटकलं. चादर मातीत पडली.

"अगं बाई! सर, मी..."

सर हसले. चादर पुन्हा नळाखाली धरली. "हं. पुन्हा."

आता तिनं जपून धरली. सरांचा हात थरथरला की तिला ते कापडातून कळे. मग ती थांबे. त्यांनी पकड घेतली, की पुन्हा थोडा पीळ देई. वेळ लागला. पण चादरीतलं पाणी धार लागून निथळलं.

दोघांनी मिळून ती दोरीवर पसरली.

"सर, एरवी हे कोण करतं?"

"मीच. न पिळता टाकतो वाळत. दोन दिवस लागतात."

चैत्रालीनं ओले हात ओढणीला पुसले.

"मग? विभागप्रमुखांशी कधी बोलू?"

"नको, सर."

ती तिथून थेट नसीमच्या घरी गेली. दारातच म्हणाली, "तुझ्या मंगळवारच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. म्हणून तसं बोलले."

नसीमनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग दारातून बाजूला झाली. "आत ये. अम्मीनं चहा टाकलाय."

पुढच्या रविवारी दोघी मिळून सरांकडे आल्या. अंगणात चटई टाकून बसल्या. नसीम आधी संकोचली, मग बोलली.

"सर, हायड्रोजनच्या रेणूत दोन्ही अणू सारखे. दोघांची ओढही अगदी सारखी. मग मधली इलेक्ट्रॉनची जोडी... ती कुणाची म्हणायची?"

चैत्रालीच्या ओठांवर उत्तर होतं. 'समान वाटा.' पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं.

ती नसीमकडे बघत राहिली.

"हे मी कधी विचारलंच नाही," ती हळूच म्हणाली.

दोघी सरांकडे पाहू लागल्या. सर उघड्या दारातून आत, माईंच्या अंथरुणाकडे पाहत होते. 

मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले.

"थांबा. माईला विचारून येतो."