सात खणांचे घर

नदीकाठच्या एका पेठेत भिवबा नावाचा एक तांबट राहत असे. त्याने घडवलेले हंडे आणि घागरी इतक्या सुबक असत, की लग्नसराईत लांबलांबची माणसे त्याचे दुकान विचारत येत. घरात म्हातारे वडील, बायको गिरजा आणि ठकी नावाची लहान मुलगी. राहायला दोन खणांचे कौलारू घर होते. एका कोपऱ्यात गळायचे, पण चौघांचे सुखाने चालले होते.

एके वर्षी समोर एका कापडवाल्याने मोठे घर बांधले. सागवानी दार, पुढे ऐसपैस ओटी. हंडा ठोकता ठोकता भिवबाची नजर सारखी तिकडे जाई. शेवटी त्याच्या मनाने घेतले, आपणही बांधायचे. आणि बांधायचे तर सात खणांचे, त्याहून कमी नाही.

कोंडाजी गवंडी जुना जाणता माणूस. तो म्हणाला, "भिवबा, घर पाहावं बांधून म्हणतात ते उगीच नाही. आधी तीन खण उभे करा. पुढचं सवडीनं होईल."

"अर्धं घर बांधून लोकांना हसायला देऊ?" भिवबा म्हणाला. पाया सात खणांचाच खणला गेला.

गाठीची पुंजी पायातच जिरली. भिंती वर येऊ लागल्या तशी दुकानाची कमाईही तिकडे वाहू लागली. तेव्हा भिवबा गिरजेला म्हणाला, "आता घरखर्च निम्म्यात भागवायचा."

गिरजा पिठाच्या डब्यात डोकावली. मग म्हणाली, "निम्म्यात पोटही निम्मंच भरतं हो."

"काटकसर केली की सगळं भागतं," भिवबा म्हणाला.

आणि खरोखरच भागले. रोज संध्याकाळी त्याच्या ताटात पूर्वीसारख्याच दोन भाकऱ्या येत. आमटी येई, वर तुपाची धार येई. भिवबाला मोठे नवल वाटले. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना तो सांगू लागला, "बायका उगाच वाढवून सांगतात. आमच्याकडे निम्म्यात चालतं आणि कशाला म्हणून तोटा नाही."

सागाच्या तुळया आल्या तेव्हा त्याने घरखर्चाला आणखी कात्री लावली. ताटात भाकऱ्या तरीही दोनच आल्या.

त्या घरी कर्ता पुरुष आधी जेवे आणि हात धुऊन बाहेर जाई. मागे कोण काय जेवते, हे भिवबाने कधी पाहिले नव्हते. पूर्वी आप्पा, म्हणजे त्याचे वडील, त्याच्या पंक्तीला बसत. अलीकडे ते म्हणत, "मला दात नाहीत, वेळ लागतो. तू जेव, मी मागून बसतो." ठकी पूर्वी अंगणभर धावायची, ती आता उंबऱ्यात बसून राहायची. भिवबाला वाटले, पोर शहाणी झाली.

एकदा तो माल घेऊन पलीकडच्या गावच्या बाजाराला निघाला. घाटावर गेला तर नाव फुटलेली. तसाच माघारी फिरला आणि भर दुपारी घरी आला. पाय धुवायला म्हणून तो मागच्या दाराने शिरला.

आत तिघे जेवायला बसले होते. आप्पांच्या वाटीत पाण्यासारखी आंबील होती. ठकीच्या वाटीत तीच. गिरजेपुढे वाटीही नव्हती, नुसता पाण्याचा तांब्या होता. भिवबाला पाहताच आप्पांनी चटकन वाटीवर हात ठेवला.

"आप्पा, हात काढा," भिवबा म्हणाला.

"अरे, म्हाताऱ्याला हेच पचतं."

"मलाही हेच असतं," ठकी म्हणाली. "भाकरी बाबांची."

भिवबा ठकीजवळ येऊन बसला. पत्र्याची जाडी तो नुसत्या नजरेने ओळखायचा. पण आपल्या मुलीचे मनगट किती बारीक झाले आहे, ते त्याला आज दिसले.

"मला सांगितलं का नाहीस?" त्याने गिरजेला विचारले.

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, भागतं. मग भागवलं."

"आणि माझं ताट?"

"तुमच्या हातात हातोडा. तुमचं ताट उणं पडलं तर तो थांबेल, मग ही आंबीलही नाही."

ती रागावून बोलली असती तर त्याला बरे वाटले असते. ती रागावली नव्हती. नुसती थकली होती.

दुसऱ्या दिवशी भिवबा कोंडाजीकडे गेला. "तीन खणांवर छप्पर टाका," तो म्हणाला. "उरलेल्या तुळया विकून टाकतो."

"विकायला काढलं की निम्मी किंमतही येत नाही," कोंडाजी म्हणाला. "आणि लोक हसतील ते वेगळंच."

"हसू देत. त्यांचं हसणं बाहेर राहील. घरात माझी माणसं उपाशी होती, कोंडाजी."

लोक हसलेच. चार खणांचा उघडा पाया पाहून कुणी विचारी, "भिवबा, हा काय कुस्तीचा आखाडा?" ते त्याला लागे. कित्येक दिवस तो मान खाली घालून जाई. पण आता कमाई हातात आली की तो आधी ती गिरजेपुढे ठेवी. धान्य, दूध, आप्पांचे औषध आणि अडीअडचणीला थोडे, हे सारे तिने काढून घेतल्यावर जे उरेल तेच घराला लागे. कधी विटांचे दोन थर चढत. कधी काहीच होत नसे. जेवायला मात्र चौघे एकत्र बसत. गिरजेला आधी फार अवघडल्यासारखे होई. ती भिंतीकडे तोंड करून जेवायची. हळूहळू सवय झाली.

आप्पांना चौथा खण पाहायला मिळाला नाही. पण जितके दिवस जगले तितके ते मुलाच्या शेजारी बसून पोटभर जेवले. पाचवा आणि सहावा खण ठकीच्या लग्नाआधी उभे राहिले, आणि मांडव त्याच दारात पडला. सातवा खण झालाच नाही. तो राहून गेला, याची कुणाला आठवणही उरली नाही.

तात्पर्य: आधी माणसांची पोटे, मग घराच्या भिंती. आणि काटकसर करा म्हणणाऱ्याने ती कुणाच्या ताटातून होते आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.