सखाहरीने निवडलेली केबल

एका गावात एक भोळा माणूस राहत होता. नाव सखाहरी. सांगितलेलं विसरणारे त्या गावात पुष्कळ होते. सखाहरी मात्र सांगितलेला एक शब्दही विसरत नसे. तीच तर पंचाईत होती.

त्याच्या बायकोची, कौसाची, मैना नावाची शेळी होती. चांगली दुभती, मागे दोन करडं. कौसाचा सगळा जीव त्या मैनेत. आणि त्या उन्हाळ्यात गावातून भरदुपारी शेळ्या चोरीला जाऊ लागल्या. वरच्या आळीतल्या चार गेल्या तशी कौसाला घास गोड लागेना. "मैना गेली तर मी जगायची न्हाई," ती म्हणाली. "आवं, अंगणात कॅमेरा बसवून घ्या."

कॅमेरे बसवायचं काम फिरोजभाई करत. त्यांनी येऊन अंगण बघितलं.

"कॅमेरा माझ्याकडं हाय. गोठ्यापास्नं घरातल्या टीव्हीपातूर केबल लागंल. डिशला असती तसली, काळी. ती तेवढी तुमी आणा, सखाभाऊ."

पारसशेठच्या दुकानात खिळ्यापासून खोबऱ्यापर्यंत सगळं मिळे. सखाहरी तिथून काळी केबल घेऊन आला. फिरोजभाईंनी तिचं टोक सोललं, आतल्या तारेला खिशातलं चुंबक लावलं. ते टचकन चिकटलं.

"बघा. वरनं तांब्याचा मुलामा, आत लोखंड. असल्या केबलीतनं चित्र धड येत न्हाई. चुंबक संगं ठेवा. चिकटलं की माल खोटा. घ्यायचा न्हाई."

"एवढं आधी सांगायचं, भाई. आता ध्यानात ठेवतो."

सखाहरी केबल परत द्यायला गेला. अस्सल तांब्याची दोन दिवसांनी येईल, असं शेठ म्हणाले. तोवर केबल भिंतीला मारायचे खिळे न्यायचे होते. शेठनी खिळे पुढे ठेवले. सखाहरीने चुंबक धरलं आणि मूठभर खिळे त्याला जाऊन लटकले.

"शेठ, सगळा माल खोटा हाय तुमचा."

शेठनी खिळे परत डब्यात टाकले. गिऱ्हाइकाशी वाद घालायची त्यांना सवय नव्हती. सखाहरीने एकेक फळी तपासली आणि शेवटी लांब, बारीक, चुंबकाला न चिकटणारी वस्तू शोधून काढली.

फिरोजभाईंनी पुडा उघडला. "मेणबत्त्या? भिंतीत मेणबत्ती ठोकायची व्हय?"

"एकीलाबी चिकटलं न्हाई. अस्सल हायेत."

फिरोजभाईंनी कपाळाला हात लावला. "चुंबक केबलीला लावायचं हो. खिळा हातोडीनं ठोकून बघायचा. वाकला, तुटला तर खोटा. टिकला तर खरा."

"एवढं आधी सांगायचं, भाई. आता ध्यानात ठेवतो."

खिळे मग फिरोजभाईंनी स्वतःच आणले. सखाहरीला त्यांनी सोपं काम दिलं. त्यांच्या घरी जाऊन कॅमेऱ्याचा खोका तेवढा आणायचा. सखाहरी जाताना हातोडी घेऊन गेला. परत आला तेव्हा खोका खुळखुळत होता.

"बरं झालं ठोकून बघितलं, भाई. एका घावात गेला. खोटा होता."

फिरोजभाई मटकन खाली बसले. कौसाने त्यांना पाणी दिलं, हात जोडले, मैनेची शपथ घातली. माणूस मनाचा मोठा. दुसरा कॅमेरा आणायला ते कबूल झाले. सखाहरीला मात्र त्यांनी समोर उभं केलं.

"असल्या वस्तूला हात लावायचा न्हाई. लांब उभं ऱ्हायचं आन् नुसतं बघायचं."

"एवढं आधी सांगायचं, भाई. आता ध्यानात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी तांब्याची केबल आली. सखाहरी दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. शेठनी हाक मारली, केबलीचं वेटोळं वर उचलून दाखवलं. सखाहरीने मान डोलावली. तासभर बघून तो घरी आला.

"केबल कुठाय?" फिरोजभाईंनी विचारलं.

"दुकानात हाय. चांगली हाय. लांबनं बघितली."

आता फिरोजभाईंचा आवाज चढला. "उचलून आणायची, सखाभाऊ! माप घ्या, त्याच्यावर चार हात जास्त घ्या, आन् सबंध एकच तुकडा आणा. कमी पडली की जोड द्यावा लागतो, आन् जोड दिला की सगळं जातं. काय वाट्टेल ते करा, पण जोड देऊ नका."

"एवढं आधी सांगायचं, भाई. आता ध्यानात ठेवतो."

आणि या खेपेला सखाहरीने केबल बरोबर आणली. तांब्याची, मापाची, चार हात जास्त, कुठे जोड नाही. फिरोजभाईंचाही विश्वास बसेना. चित्र साठवणारी पेटी पुढच्या आठवड्यात बसायची होती, पण टीव्हीवर अंगण लख्ख दिसू लागलं. मैना रवंथ करताना दिसली तसे कौसाचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी ती निर्धास्त मनाने कांदे काढायला गेली. जाताना म्हणाली, "चोर आला तर त्याचं तोंड टीव्हीत नीट बघून ठिवा."

दुपारी चोर आला. सखाहरी टीव्हीपुढे सरसावून बसला. चोर होता पाठमोरा. त्याने मैनेला सोडलं, पण करडं इकडेतिकडे पळू लागली. तिघांना बांधायला दोरी तोकडी पडली. चोराने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोरीला गाठ मारू लागला.

सखाहरीला ते बघवेना. तो धावत अंगणात गेला, तेही उलट्या पावलांनी, कारण चोराचं तोंड टीव्हीतच बघायचं होतं.

"जोड देऊ नका, पाव्हणं. जोड दिला की सगळं जातं."

चोर जागच्या जागी थिजला. सखाहरीने भिंतीवरची केबल उपटली, गुंडाळली आणि पाठ न वळवता मागच्या मागे त्याच्या हातात दिली.

"सबंध हाय. चार हात जास्तच भरंल."

भरली. मैना आणि दोन्ही करडं बांधून वर चार हात उरली.

संध्याकाळी कौसा आली. रिकामं अंगण बघून तिने जो हंबरडा फोडला, तो ऐकून फिरोजभाई धावत आले.

"सखाभाऊ, अडवलं का न्हाई त्याला?"

"अडवा म्हणून कुणी सांगितलं न्हवतं."

"आवं, तोंड तरी बघितलं का त्या मेल्याचं?" कौसाने विचारलं.

सखाहरीने काळ्या टीव्हीवरची नजर हलवली नाही.

"तेच बघतोय की. दुपारपास्नं बसलोय. अजून आलं न्हाई. आलं की हाक मारतो."