आभाळ कोण धरील?

फार फार वर्षांपूर्वी, जेसीबी बोलायचे त्या काळी, एका रानबागेत मॉल बांधायला एक जेसीबी आला. खारींनी सह्यांचा अर्ज दिला. माकडांनी उपोषण केलं, तेही जेवणाच्या वेळेपर्यंत. जेसीबी ढिम्म!

वाटेतच टिटवी पाय वर करून निजली होती. आभाळ आपणच तोलून धरलंय, असं तिला मनापासून वाटायचं. सगळी बाग तिला हसायची.

"ऊठ गं टिटवे!" जेसीबी गुरकावला.

"उठते हो, दादा. पण अंडी हलवेपर्यंत आभाळ कोण धरील?"

जेसीबीने वर पाहिलं. आभाळ खरंच फार मोठं होतं. त्याने घाईघाईने सोंड उचलली. "आटप लवकर!"

पिल्लं उडाली, पिल्लांची पिल्लंही उडाली. सोंडेला आता सुगरणीचे खोपे लोंबतात. टिटवी जन्मात पहिल्यांदा निवांत बसते. जेसीबी मधूनच विचारतो, "झालं का गं?"

त्यावर सगळी बाग एका सुरात ओरडते, "हलू नकोस! पडेल!"