गुलाबी ताटांवरच्या रेघा

जुन्या काचेची पारख करण्यात हमीदचाचांची सगळी हयात गेली होती, आणि खरं सांगायचं तर आता त्यांना काचेचाच कंटाळा आला होता. त्या दिवशी सकाळपासून चौघांनी ‘शंभर वर्षांपूर्वीच्या’ बशा दाखवल्या. सगळ्या कालपरवाच्या निघाल्या. पाचवे आले रावसाहेब इंगळगावकर, म्हणजे चाचांच्या दुकानाच्या गाळ्याचे मालक. त्यांनी गुलाबी काचेची सहा ताटं मांडली.

“आजोबांची आहेत. संग्रहालयात त्यांच्या नावानं ठेवायचीत. खरी असल्याच्या दाखल्यावर सही करा, नाहीतर गाळा रिकामा करा.”

चाचांनी एक ताट उजेडात धरलं. तळ कोरा करकरीत होता आणि वर मात्र सुरीच्या बारीक रेघा होत्या. नवं ताट जुनं भासवायला विकणारे अशाच रेघा ओढतात. पण वाद घालायचं त्राण चाचांत नव्हतं. त्यांनी उसासा टाकून विचारलं, “आजोबा यातच जेवायचे?”

“रोज! आणि तेही हातानं. उभ्या जन्मात सुरीकाट्याला शिवले नाहीत. संग्रहालयातल्या पाटीवर तसं लिहिणार आहोत आम्ही!”

चाचांनी रेघांवर बोट ठेवलं. “मग या सुरीच्या रेघा कुणाच्या, रावसाहेब? ताटं खरी मानली, तर आजोबा खोटे पडतात. सांगा, दाखल्यात कुणाला खोटं ठरवू?”

रावसाहेबांनी ताटं एकावर एक रचून ठेवली. मग गाळ्याचं नावही न काढता हळूच म्हणाले, “ताटांनाच ठरवा.”

चाचांनी तसं लिहून दिलं आणि निवलेला चहा संपवला.