खांदोरीतला उलटा पीळ

फार वर्षांपूर्वी, घाटाला अजून रस्ता नव्हता, पण दहिवर आतासारखंच पडत होतं, तेव्हा सुळक्याखालच्या धनगरवाड्यात म्हाकूबाई राहायची. तिचे हात रिकामे कुणी कधी पाहिले नाहीत. चालताना ती चातीवर लोकर कातायची, बसली की दावी वळायची, आणि झोपेतसुद्धा तिची बोटं हलायची, असं म्हणतात.

म्हाकूबाईची एकुलती एक लेक रखमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा पौषाचा गारठा होता. धनगराच्या घरात घोंगड्यांना काय तोटा? पण पाजणाऱ्या बाईचे दोन्ही हात लेकरात गुंतलेले, आणि घोंगडं धरायला एक हात लागतोच. ते खांद्यावरून घसरायचं. लेकराचा नुकता डोळा लागलेला असायचा, म्हणून रखमा ते वर ओढायची नाही. आठव्या दिवशी तिला हुडहुडी भरली आणि अकराव्या दिवशी ती गेली. मागे राहिली एवढीशी पोर, भामा. म्हाकूबाईनं तिला शेळीच्या दुधावर वाढवलं, आणि मनाशी एकच गोष्ट धरली. हात न लावता खांद्यावर राहील असं काहीतरी विणायचं.

घाटमाथ्यावरच्या बंगल्यात लोकर विकायला गेली असताना तिनं तिथल्या मडमेला सुयांवर मोजा विणताना दारातून पाहिलं होतं. घरी येऊन तिनं कळकाच्या चार सळया तासल्या. डोक्यातून घालायची, कोपरापर्यंत उतरणारी गोल वस्तू ती विणू लागली. वाड्यातल्या बाया हसायच्या, मेंढरू सोलून घातल्यासारखं दिसतंय म्हणायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. शिवाय साध्या विणीतून वारा आरपार जायचा. मग एक दिवस दावं वळताना तिच्या लक्षात आलं, पीळ दिला की दोरी जाड होते. तिनं तीन टाके बाभळीच्या काट्यावर उतरवून पुढे धरले, मागचे तीन आधी विणले, मग काट्यावरचे. असं करत करत गळ्यापासून खाली जाड वेणी उतरली. त्या वेणीत वारा शिरायचा आणि वाट चुकून तिथंच ऊबदार होऊन बसायचा, असं म्हणतात. त्या अख्ख्या वस्तूचं नाव तिनं ठेवलं खांदोरी.

पण वाड्याचा एक दंडक होता. पोटुशीसाठी काही आधी विणून ठेवायचं नाही, अपशकुन होतो. म्हणून म्हाकूबाई विणायची आणि उसवायची. सतरा वर्षं तिनं हेच केलं.

मग भामाला दिवस गेले, आणि दिवस भरले तेही नेमके पौषात. पहिली कळ आली तशी म्हाकूबाई उंबऱ्याशी सळया घेऊन बसली. त्या वर्षी झऱ्याचं पाणी पडता पडता गोठून थांबलं होतं, असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी लोकर संपली. तेव्हा कळपातली सगळ्यात म्हातारी मेंढी आपणहून अंगणात येऊन उभी राहिली. म्हाकूबाई तिच्या पाठीवरून लोकर ओढायची, कातायची, विणायची, आणि पाठ काही उघडी पडेना. आत भामा कण्हत होती. म्हाकूबाईला आतून रखमाचाच आवाज येत होता.

तीन टाके काट्यावर होते, तेवढ्यात लेकरू रडलं. म्हाकूबाईनं आत मान वळवली. काटा पुढे राहायचा तो मागे गेला आणि वेणीला एक पीळ उलटा पडला. शेवटचा टाका बंद केल्यावर तिला तो दिसला. ती आत जाऊन भामाजवळ बसली, लेकरू रडलं तसा पीळ उलटा पडला म्हणाली, आणि उसवायला धाग्याचं टोक शोधू लागली.

"आज्जी, उसवू नगंस," भामा म्हणाली. "माझं लेकरू तितंच रडलंय."

म्हाकूबाईनं ती तशीच तिच्या डोक्यातून घातली. भामाचे दोन्ही हात लेकराखाली होते आणि खांदोरी जागची हलली नाही. अकरा दिवस म्हातारी तिच्या पायाशी बसून राहिली. बाराव्या दिवशी उन्हं वर आली आणि भामानं भाकरी मागितली. तेव्हा म्हाकूबाई रखमासाठी रडली. सतरा वर्षांत पहिल्यांदाच.

त्या वाड्यात आजही कळा सुरू झाल्या की घरातली वडील बाई चार सळया आणि एक काटा घेऊन उंबऱ्याशी बसते. लेकराचा पहिला आवाज आला की पुढचा पीळ ती मुद्दाम उलटा घालते आणि म्हणते, "म्हाकूआज्जी, आलं बघ." कुणाचा उलटा पीळ गळ्याशी असतो, कुणाचा पार खाली, म्हणून दोन खांदोऱ्या कधी सारख्या नसतात. आई गेल्यावर तिची खांदोरी कुणी टाकत नाही. सत्तरीतली माणसंही ती मांडीवर घेतात, वेणीवरून बोट खाली नेतात आणि एका जागी थांबतात. मग शेजारी बसलेल्या नातवंडाचं बोट तिथं ठेवून सांगतात, "हितं मी आलो."