चेटकिणीने भाजी निवडायला दिली

एका राज्यात वज्रसेन राजा होता, हेमलेखा राणी होती, आणि त्यांची छोटी लेक इंदुली घासच गिळत नव्हती. राजाने घोडे पळवायला एका चेटकिणीचा भाजीचा वाफा बळकावून तुडवला, म्हणून तिने शाप दिला होता, "तुझ्या लेकीला अन्न गोड लागणार नाही." खीर झाली, दूधभात झाला; सगळं ओठांवरून परत. पोरीच्या हातातल्या बिंदल्या गळून पडू लागल्या. राणीला चैन पडेना. ती एकटीच चेटकिणीकडे निघाली.

वाटेत साळुंकी बोलली, "कुठे गं राणीबाई, पालखीवाचून?"

"लेकीचा घास मागायला."

"मग मी येते. राण्यांना रस्ते कुठे कळतात!"

दोघी पोचल्या तशी चेटकीण म्हणाली, "शाप उतरवायचा तर आगीच्या नदीतून पाणी आण." राणीने आणलं. घागर तापली, पाणी गारच राहिलं.

"झोपलेल्या राक्षसाच्या उशाखालची माती आण." राणीने अंगाई म्हटली. राक्षस कुशीवर वळला, माती मिळाली.

त्या मातीत बी पडलं, ते पाणी शिंपलं, आणि लगेच भाजी उगवली. पानं बिटासारखी, पण खाली कंद नाही. सगळा जीव पानांत नि देठांत. एका जुडीचे देठ लाल, एकीचे पिवळे, एकीचे पांढरे.

"आता निवड. चुकलीस तर लेक गेली."

राणी एकेका जुडीकडे बघू लागली. लाल घ्यावी? की पिवळी? पांढरी तर नकोच बाई!

"उचल की एखादी!" साळुंकी ओरडली.

राणीने लाल जुडीला हात लावला. एक पान किडकं होतं. ते तिने खुडून टाकलं, आणि थबकली.

"बाई, निवड म्हणालात. कोणती घेतेस, असं नाही म्हणालात."

ती खाली बसली, पदर पसरला, आणि तिन्ही जुड्या निवडल्या. किडकं काढलं, देठांच्या शिरा ओढल्या.

"देठ टाकत नाहीस?" चेटकिणीने विचारलं.

"कोवळे आहेत. आधी देठ शिजवीन, मग पानं."

चेटकीण हसली. "राजाचे सरदार आले असते तर एकेक जुडी घेऊन पळाले असते. जा, भरव."

राणीने लसणाची फोडणी दिली, मऊ भातात भाजी कालवली. इंदुलीने तोंड फिरवलं. राणीने ताट तसंच पुढे धरलं. मग पोरीने लाल देठाचा तुकडा बोटांनी उचलला, चावला, गिळला.

"अजून," म्हणाली.

राजाने घोडे हटवले, वाफा परत दिला, चेटकिणीपुढे हात जोडले. त्या दिवशी इंदुली पोटभर जेवली, आणि तिच्या उष्ट्या ताटात राणीही जेवायला बसली.