शिवेवरची चपराक

ड्यूक ओटोकारनं एका सकाळी क्रुमेनबाखचं जंगल गिळलं! जर्मनीतलं हे टीचभर गाव, दोन टेकड्यांच्या बेचक्यात, वाकड्या ओढ्याकाठी वसलेलं. ओढ्यापलीकडच्या टेकडीवर ओकचं जंगल, थेट माथ्यापर्यंत. तिथल्या लाकडांवर गावाच्या चुली पेटायच्या आणि ओकच्या फळांवर डुकरं पोसायची. जंगल गेलं तर हिवाळ्यात माणसं गारठून मरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

ड्यूकचा वनाधिकारी एबरहार्ट महाबिलंदर. माथ्यावरचा शिवेचा दगड त्यानं गुपचूप उपटून ओढ्यात ढकलला आणि धन्याला सांगितलं, की शीव ओढ्यालाच आहे, पलीकडचं सगळं आपलं. गावकरी रडत दरबारात गेले. ड्यूक पडला हट्टी. शीव माथ्यावर होती म्हणता, तर साक्षीदार आणा, म्हणाला. पण तो गावचा नको, गावचा माणूस गावासारखंच बोलणार.

आता गावाबाहेरच्या कुणाला ही शीव ठाऊक असणार? गावचा मुखिया डोकं धरून बसला. तेवढ्यात डुकरं राखणारी उर्सेल पुढे झाली.

"साक्षीदार याच दरबारात आहे, महाराज. पण मी एक प्रश्न विचारणार, आणि तुम्ही रागवायचं नाही."

"विचार."

"लहानपणी तुमच्या थोबाडीत कुणी मारली होती का?"

एबरहार्ट तिच्या अंगावर धावला. पण ड्यूकचा हात आपसूक डाव्या गालावर गेला होता.

"मारली होती!" तो उसळला. "वडिलांच्या शिकारीत मी वाट चुकलो. एक बाई पोरांना गोड पाव वाटत होती, म्हणून मीही रांगेत घुसलो. तर बाईनं आधी एक ठेवून दिली, मग पाव दिला. गाल अजून झणझणतो."

"कुठे उभे होतात?"

"टेकडीच्या माथ्यावर, दुभंगलेल्या ओकखाली. पायाशी दगड होता, डुकराचं तोंड कोरलेला. ती जागा मी मेलो तरी विसरायचो नाही."

"ती बाई माझी आजी," उर्सेल म्हणाली. "आमच्याकडे नकाशे नाहीत, महाराज. दरवर्षी पोरांना शिवेच्या दगडाशी उभं करून एकेक चपराक देतात, म्हणजे जागा जन्मभर ध्यानात राहते. चपराक दिल्यावर आजीला तुमच्या कोटाची सोन्याची बटणं दिसली, आणि हा ड्यूकचा पोरगा हे तिनं ओळखलं. मग महिनाभर बिचारी दाराला कडी लावून बसली होती. असो. गावाबाहेरच्या माणसानं साक्ष दिली. आता ती खोटी म्हणायची कुणाची छाती आहे?"

ड्यूक असा हसला, की कमरेचा पट्टा सैल करावा लागला. जंगल गावाला मिळालं, उर्सेलला एक दुभती गाय मिळाली, आणि एबरहार्टला लबाडी कबूल करून गुडघाभर पाण्यात उतरून दगड शोधावा लागला.

दगड जागेवर बसवायला ड्यूक स्वतः आला. पोरं रिवाजाप्रमाणे गाल पुढे करून उभी होती. त्यांना बाजूला सारून त्यानं एबरहार्टला दगडापाशी उभं केलं.

"याच्या लक्षात जागा राहत नाही," तो म्हणाला. "उर्सेल, आजीचा हात तुला आलाय का गं?"

"बघूया की," म्हणत उर्सेलनं बाही सरसावली.

पाव एबरहार्टलाही मिळाला. पण चावायला त्याला तीन दिवस लागले.